ट्राउटवाले ऑगस्टमध्ये थांबतात, मिरकरवाडा जूनमध्ये. का?

थंडगार नदी, गुडघाभर पाण्यात उभा माणूस आणि हवेत गोल फिरणारी दोरी. फ्लाय फिशिंगचं असं रील तुम्हीही पाहिलं असेल. कोकणातलं पोरगं ते बघून म्हणणार, हे तर आमचं गरवणंच! निम्मं खरं आहे. आपल्या गरीला कोळंबीचा तुकडा लावतात आणि ती लांब फेकली जाते शिशाच्या वजनामुळे. फ्लाय म्हणजे गरीला पिसं-दोरा बांधून बनवलेला खोटा किडा. त्याला वजनच नसतं, म्हणून दोरी जाड आणि जड ठेवावी लागते.

पण या रीलमध्ये न दिसणारी एक गोष्ट आहे. उन्हाळा संपता संपता हेच लोक गळ गुंडाळून ठेवतात.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. 10 अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 11 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, 23 अंशांना जेमतेम साडेआठ. अशा पाण्यात गळाला झुंज देऊन दमलेला मासा सोडून दिला तरी पुढे मरू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात पाणी सलग तीन दिवस 23 अंशांच्या आसपास गेलं, की त्या नदीवर दुपारी 2 ते मध्यरात्र मासेमारी बंद करता येते. पहाटे पाणी गार असतं, तेव्हा चालते.

आता रत्नागिरीत या. मिरकरवाडा बंदरातल्या यांत्रिक नौका 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस बंद. इथे प्रश्न ऑक्सिजनचा नाही. बऱ्याच माशांच्या पोटात या काळात गाबोळी असते आणि समुद्र खवळलेला असतो. नौका शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात, खलाशी गावी जातात. त्यांच्यासाठी हे दोन महिने बिनकमाईचे.

बिगरयांत्रिक होड्यांना बंदीतून सूट आहे. गरीला एका वेळी एकच मासा लागतो आणि छोटा असला तर जिवंत सोडता येतो. जाळ्यात दाबला गेलेला मासा बहुतेक वेळा मेलेलाच वर येतो. अर्थात, पावसाळ्यात लाटा फुटणाऱ्या खडकावर गरवायला उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा, सूट असो वा नसो.

मोंटानाचा नियम थर्मामीटर बघून लागतो, आपला कॅलेंडर बघून. पूर्वी कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहूनच होड्या लोटायचे. ही पौर्णिमा 2023 मध्ये 30 ऑगस्टला होती, 2024 मध्ये 19 ऑगस्टला. म्हणजे माशांना तेव्हा आजच्यापेक्षा काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत जास्त मिळत. माझ्या मते जुना हिशोबच समुद्राला जास्त मानवणारा होता. पण नौकेवर कर्ज असलेल्या मालकाला 31 जुलैची रात्रसुद्धा लांब वाटते.