छातीवरचा बॅज, हक्काचा पुरावा

तळेगाव ढमढेरेतल्या दवाखान्यात एक्स-रे काढणारा असो की रांजणगाव एमआयडीसीत वेल्डिंगचे जोड किरणांनी तपासणारा, छातीवर टीएलडी बॅज हवाच. शरीरावर किती किरणोत्सार पडला, हे तो नोंदवतो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात 30.

किरणोत्साराने होणारा कर्करोग अनेक वर्षांनी उघड होतो. तोवर नोकरीही बदललेली असते. 1923च्या भरपाई कायद्यात असे आजार व्यवसायजन्य ठरले, 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहेत. अशा कामावर सलग सहा महिने झाले असतील, तर आजार कामामुळे झालेला नाही हे मालकाने सिद्ध करायचे.

बॅज साधारण तीन महिन्यांनी तपासला जातो. प्रत्येक अहवालाची प्रत मागून घरी ठेवा. भरपाई मागताना ती कामी येते.