रोहिणीच्या पाण्याचा तंटा आणि तिसऱ्या महायुद्धाची भीती

वर्षावासात आपल्या बीड जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांवर ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभराची कामे आटोपून, भाकरी थापून, मायमाउल्या विहारात येऊन बसतात. अशाच एका वाचनात आम्ही शाक्य आणि कोलीय यांच्या तंट्याचे प्रकरण वाचत होतो. वाचन संपल्यावर मागे बसलेली एक माउली उठली आणि म्हणाली, “दादा, मोबाईलवर रोज सांगतेत, तिसरं महायुद्ध होणार म्हणून. माझं पोरगं पहाटं उठून भरतीसाठी पळतंय. आम्ही दोघं दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जाणार. माझा जीव तिकडं लागायचा नाही. पोराला पळू द्यावं का अडवावं?”

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. घरी आलो तरी तो प्रश्न मनातून जाईना. ही काळजी एकट्या त्या माउलीची नाही, म्हणून आज या पानावर तिच्याविषयीच लिहीत आहोत.

भीती खोटी नाही

प्रथम हे कबूल केले पाहिजे की ही भीती वेडेपणाची नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. ऑक्टोबर २०२३ पासून गाझात हजारो लेकरेबाळे मेली. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस लढाई झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवस बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे सुटली. जगातल्या नऊ देशांकडे मिळून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या एकाच बॉम्बने त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मेली. त्यातून वाचलेल्या माणसांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या जपानी संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही माणसे आयुष्यभर एकच सांगत आली : आमच्यावर आले ते पुन्हा कोणावर येऊ नये.

युद्ध दूर होते म्हणून त्याची झळ आपल्याला लागत नाही, असेही नाही. सूर्यफुलाचे तेल आपल्या देशात बहुतांशी युक्रेन आणि रशियातून येत असे. २०२२ मध्ये तिकडे तोफा सुरू झाल्या आणि इकडे बीडच्या किराणा दुकानात तेलाची पिशवी महागली. खताचेही तेच झाले, कारण पोटॅश रशिया आणि बेलारूसमधून येते. युक्रेन नकाशावर कुठे आहे हे ज्या बाईला ठाऊक नव्हते, तिनेही फोडणीचे तेल कमी केले.

आपल्या आज्यापणज्यांनीही हे भोगले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेव्हा धान्यावर सक्तीची लेव्ही होती. तिकडे बंगालमध्ये १९४३ साली दुष्काळ पडला आणि वीस ते तीस लाख माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. त्यांच्यावर कोणी गोळी झाडली नव्हती, तरी तेही युद्धाचेच बळी होते.

आपली पलटण

सैन्याशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार सैन्यातच होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीत झाला. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो! पुढे दुसरे महायुद्ध आले. बाबासाहेबांनी भरतीचा आग्रह धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. परंतु या इतिहासाचा धडा विसरता कामा नये. युद्धाच्या गरजेपोटी मिळालेला मान गरज संपली की काढून घेतला जातो. मान टिकतो तो हक्काने मिळाला तरच.

सिद्धार्थाने काय केले?

आता त्या रात्री वाचलेल्या प्रकरणाकडे येऊ. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्या नोकरांत मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सभेत सिद्धार्थ उभा राहिला. युद्धाने प्रश्न सुटत नाही, आधी दोष कोणाचा ते पाहू, असे त्याने सांगितले. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, अशी सूचना त्याने केली. ती बहुमताने फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे असा ठराव आला. सिद्धार्थाने नकार दिला. तेव्हा त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्याची आणि जमीन काढून घेण्याची धमकी मिळाली. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको! घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्याने स्वतः परिव्रज्या पत्करली. तो गेल्यावर लोकांनीच युद्धाविरुद्ध आवाज उठवला आणि शाक्य-कोलीयांत समेट झाला, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे.

मात्र यावरून कोणी असे समजू नये की बाबासाहेब अन्यायापुढे मान तुकवायला सांगतात. मजूरमंत्री असताना त्यांनी रेडिओवरून भाषण करून नाझींचा पराभव कामगारांना का हवा आहे हे सांगितले होते, कारण नाझी विचार समतेच्याच मुळावर आला होता. सिंह सेनापतीच्या प्रश्नाला तथागतांनी दिलेले उत्तरही बाबासाहेबांनी मांडले आहे. शांततेचे सारे उपाय थकल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला दोष नाही, दोष युद्धाला कारण होणाऱ्याचा. म्हणजे आधी सारे उपाय थकले पाहिजेत आणि ते थकले की नाही हे विचारायचा हक्क आपल्यालाही आहे.

माउलीला आमचे उत्तर

तर माउली, पोराला अडवू नका. पण त्याला नुसते पळायला लावू नका, वाचायलाही लावा. २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांची झाली आहे आणि त्यातले चारात एकच पुढे कायम राहतात, हे त्याला समजू द्या. पळण्याबरोबर बारावीनंतरचे शिक्षणही चालू ठेवायला सांगा. वर्दी त्याने समजून उमजून घालावी, घरी दुसरा मार्गच नव्हता म्हणून नव्हे.

मोबाईलवर युद्धाची आरोळी ठोकणाऱ्याला तुमच्या भीतीचे पैसे मिळतात. त्याचे ऐकून रात्र रात्र जागू नका. लेकरे घाबरली तर त्यांना गप्प बसवू नका. जवळ घेऊन खरे काय ते सांगा. मते मागायला येणाऱ्याला गावच्या रस्त्याबरोबर हेही विचारा, की शांततेसाठी तू काय बोललास? विहारातल्या सभेत हा विषय घ्या.

आणि एक गोष्ट आपल्या हातातलीच आहे. आपला जिल्हा दुष्काळी. उन्हाळ्यात टँकर आला की हंड्यावरून तंटा, विहिरीवरून तंटा, बोअरवरून भावाभावांत कोर्टकचेरी! तीच आपली रोहिणी आहे. तिथे दोन इकडची, दोन तिकडची आणि एक पाचवा माणूस बसवून जी वस्ती तंटा मिटवते, तिने तथागतांचे ऐकले असे आम्ही म्हणू. तिथे वाढलेले लेकरू उद्या वर्दी घालो वा न घालो, युद्धाला टाळ्या वाजवणार नाही.

ऊसतोडीला जाताना कोपीत एक ग्रंथ सोबत ठेवा, माउली. पाचटाच्या उजेडातही चार ओळी वाचून होतात. पोराला आठवड्यातून एकदा फोन करा आणि युद्धाचे नव्हे, अभ्यासाचे विचारा.

नमो बुद्धाय! जयभीम!