दोन ‘ल’ आणि एक दुकान

इंदूरच्या रामबागेत आमच्या वाड्याच्या दारावर आजोबांच्या नावाची सागवानी पाटी आहे. तिच्यावरच्या ‘ल’ला दोन पाकळ्या आहेत. समोरच्या किराणा दुकानाच्या फलकावर ‘लाल मिर्च’ रंगवलंय आणि त्यातल्या दोन्ही ‘ल’च्या उजव्या अंगाला सरळ उभा दंड आहे. मधला रस्ता जेमतेम बारा फुटांचा. इथल्या मराठी घरात वाढलेलं पोर हा रस्ता वहीत रोज ओलांडतं. शाळेत दंडाचा ‘ल’, घरी पाकळीचा. पुण्याच्या आत्याला लिहिलेल्या पोस्टकार्डात एकदा दंडाचा ‘ल’ गेला, तेव्हा आजोबांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि काही न बोलता त्या अक्षरावर बोट ठेवलं. अक्षराकडे निरखून बघायला मी त्या दिवशी शिकलो. त्याला आता पन्नास वर्षं होत आली.

त्याच वाड्याच्या माडीवर बसून माझी भाची आज अक्षरं विकते. देवनागरी फॉन्ट तयार करायचे आणि इंटरनेटवरून विकायचे, हा तिचा व्यवसाय. गिऱ्हाईक नाशिकचं असतं, नागपूरचं असतं, कधी न्यू जर्सीतलं एखादं महाराष्ट्र मंडळ असतं. ई-पुस्तकं, लग्नपत्रिकांचे साचे, भरतकामाचे नमुने, गाण्याचे रेकॉर्ड केलेले धडे, असा माल विकणारी कितीतरी घरं आता गावोगाव आहेत. एकदा जीव ओतून वस्तू करायची आणि तीच फाइल कितीदाही विकायची. गोदाम नको, कुरिअर नको, माल नासत नाही, संपत नाही. पण या सगळ्यांत फॉन्टची वंशावळ सगळ्यांत लांब आहे आणि तिच्याबद्दल बोलायला मला नेहमीच आवडतं.

ही वंशावळ मुंबईला जाते. जावजी दादाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहान वयात लागले, टाइप घासता घासता धंदा शिकले आणि १८६०च्या दशकात त्यांनी स्वतःचा टाइपाचा कारखाना आणि ‘निर्णयसागर’ छापखाना उभा केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने पोलादावर अक्षरं कोरली. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं सगळ्यांना माहीत असतात, पण निर्णयसागर टाइपही विकत असे आणि तो दूरदूरच्या छापखान्यांत जाई. म्हणजे अक्षरांचं वळण तयार करून दुसऱ्याला वापरायला देणं हा मराठी माणसाचा दीडशे वर्षांचा जुना धंदा आहे. तेव्हा शिसं वजनावर विकलं जाई, आता वजनच उरलेलं नाही.

आमच्या इंदूरचाही यात वाटा आहे. ‘नईदुनिया’ हे हिंदी दैनिक १९४७ साली इथे निघालं. हिंदी पत्रकारितेला वळण देणारे त्याचे संपादक राहुल बारपुते हे मराठी घरातले. कुमार गंधर्व, नाटकवाले बाबा डिके आणि चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी ही त्यांची मित्रमंडळी. चिंचाळकर गुरुजी काटक्या, बिया, मोडक्या डब्या यांत चेहरे शोधत, तसेच ते अक्षरांतही शोधत. ‘खुलते अक्षर खिलते अंक’ या त्यांच्या पुस्तकात अक्षरांची आणि अंकांची चित्रं होतात. गुरुजी देवळालीकरांचे विद्यार्थी. द. दा. देवळालीकरांच्या याच इंदूरच्या कलाशाळेत बेंद्रे आणि हुसेन घडले. विषय फॉन्टचा असताना मी चित्रकारांकडे वळलो खरा, पण ज्या गावात अक्षराकडे असं बघणारी माणसं होऊन गेली तिथे माडीवरची मुलगी फॉन्ट करते याचं मला नवल वाटत नाही.

याच नईदुनियाच्या छजलानी घराण्यातल्या विनय छजलानींनी १९९९मध्ये ‘वेबदुनिया’ हे हिंदीतलं पहिलं पोर्टल इंदूरहून सुरू केलं. पुढे त्यात मराठीही आली. तेव्हाच्या अडचणी आज सांगून खऱ्या वाटत नाहीत. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आपापल्या सांकेतिक क्रमाचा असे. इंग्रजी ‘के’च्या जागी कोणी ‘क’ बसवलेला, तर कोणी काना. फॉन्ट बदलला की मजकुराचा चिवडा. माझ्या काकांच्या एकसष्टीची पुस्तिका अशीच गेली. मी मजकूर एका फॉन्टमध्ये टाइप करून फ्लॉपीवर दिला, छापखान्यात तो फॉन्ट नव्हता आणि मुखपृष्ठावर काकांच्या नावाऐवजी स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची खूण छापून आली. दोनशे प्रती. काकांनी त्यातली एक मरेपर्यंत जपून ठेवली होती.

युनिकोड आल्यावर हा घोळ मिटला. देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा मिळाला आणि कोणत्याही फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’च राहिला. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला. ते कवी आणि अक्षरांचे साधक. मराठी कवीच्या हातची अक्षरं त्या काळी कोट्यवधी संगणकांवर गेली, पण ती वाचणाऱ्यांतल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल?

आता माझ्या लाडक्या ‘ल’कडे येतो.

पाकळीचा ‘ल’ आणि दंडाचा ‘ल’ यांना युनिकोडमध्ये जागा एकच आहे. ‘श’चंही तसंच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरवले. पण बहुतेक फॉन्ट मुळात हिंदी वळणाचे असतात. मराठी रूपं आत कुठेतरी दडवून ठेवलेली असतात, ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी खूण मजकुराला लावली तरच ती बाहेर येतात. वर्तमानपत्राचा तंत्रज्ञ खूण लावतो. मोबाइलवर दिवाळीच्या शुभेच्छांचं चित्र करणाऱ्याला ती सोय बहुधा मिळतच नाही. म्हणून आपल्याच भाषेतल्या शुभेच्छा आपण परक्या ‘ल’ने देत असतो. भाचीने तिच्या पहिल्याच फॉन्टमध्ये उलटं केलं. मराठी वळण समोर ठेवलं, हिंदी आत ठेवलं. त्याच फॉन्टची हिंदीवाल्यांसाठी वेगळी आवृत्ती केली. ज्या मुलीने दोन्ही ‘ल’ गिरवलेत तिलाच हे सुचणार, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या पावसाळ्यात मी एक अख्खी दुपार तिच्याशेजारी बसून काढली. पडद्यावर एकच अक्षर, ताटाएवढं. “मामा, चष्मा लाव आणि बघ,” ती म्हणाली. दंडाच्या ‘ल’चा अर्धा ‘ल’ करणं सोपं, दंड काढला की झालं. पाकळीच्या ‘ल’ला काढायला दंडच नाही. उजवी पाकळी आखडून ती पुढच्या अक्षराला टेकवावी लागते. ‘कल्पना’त ती ‘प’ला टेकते तेव्हा छान दिसते, ‘जल्लोष’मध्ये दोन ‘ल’ एकमेकांत घुसतात आणि मधे शाईचा डाग पडल्यासारखं होतं. त्या डागासाठी तिने चार दिवस घातले होते. मग ऱ्हस्व वेलांटी. ती टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसते आधी. ‘कि’वर तिची कमान आखूड हवी, ‘ष्ट्रि’वर लांब. म्हणून एकाच वेलांटीची दहा-बारा मापं करायची. इंग्रजीचा साधा फॉन्ट थोडक्यात उरकतो, देवनागरीला जोडाक्षरं धरून पाचशे ते हजार आकृत्या काढाव्या लागतात. ‘ॲ’ विसरून चालत नाही. मराठीच्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ उजाडलं.

विक्रीचं थोडक्यात सांगतो. गिऱ्हाईक फॉन्ट विकत घेत नाही, वापरायची परवानगी घेतं. छपाईची परवानगी वेगळी, वेबसाइटची वेगळी, ॲपची वेगळी. पैसे यूपीआयने किंवा परदेशी दुकानातून येतात आणि दुकान आपलं कमिशन कापतं. सेवांना वर्षाच्या वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण सुरुवातीलाच सीएला विचारावं.

त्याहून मोठा प्रश्न मला पडला होता. चांगले फॉन्ट फुकट मिळत असताना कोणी पैसे का द्यावेत? मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ गूगल फॉन्ट्सवरून कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि ते उत्तम आहेत. भाची स्वतः ते वापरते, त्यांच्या फायली उघडून शिकते. तिचं म्हणणं असं की धावत्या मजकुरासाठी लोक पैसे मोजत नाहीत आणि मोजूही नयेत. मसाल्याच्या पुडीवरचं नाव, नाटकाची जाहिरात, पत्रिकेवरचं ‘श्री’ यांना मात्र स्वतःचा चेहरा हवा असतो, तो ते विकत घेतात. तिचा सर्वाधिक खपणारा फॉन्ट आजोबांच्या पाटीवरून घेतलाय. पाटीचे फोटो काढले, वाड्यातल्या जुन्या वह्यांतून उरलेली अक्षरं जुळवली आणि नसलेली तिने स्वतः त्या वळणात बसवली. आजोबांनी कधी ‘ङ’ लिहिला होता का, हे शोधायला आम्ही दोघांनी माळ्यावरची ट्रंक उपसली. नव्हता लिहिला.

फॉन्टची चोरीही होते. कोणीतरी एकदा घेतो आणि पेनड्राइव्हवरून गल्लीभर वाटतो. भाची त्यावर फारशी चिडत नाही, मी चिडतो. तिच्या चार दिवसांचा तो ‘ल्ल’ कोणीतरी मूठभर शेंगदाण्यांसारखा वाटून टाकतो, याला मी चोरीच म्हणणार.

या दिवाळीच्या आधीची एक गोष्ट. पत्रिका छापणाऱ्या एका गिऱ्हाइकाची मेल आली. नवऱ्याकडचं गाव बुऱ्हाणपूर, पण तिच्या फॉन्टमध्ये तिथे आडवा ‘र’ न बनता नुक्ता आणि हलन्त लागलेला ‘ऱ’ ‘ह’च्या आधी सुटाच छापला जात होता. पत्रिका दुसऱ्या दिवशी मशीनवर चढणार होती. हिंदीत हे गाव ‘बुरहानपुर’ असतं, तिथे हा प्रश्नच येत नाही. मराठीला मात्र रफारही लागतो आणि अर्धचंद्रासारखा आडवा ‘र’ही. आचार्यास दक्षिणा देतात, आचाऱ्यास मजुरी. कोणी म्हणेल की ‘ह’आधीचा ‘र’ सरसकट आडवा करून टाका, तर ‘अर्हता’ बिघडते. संगणकाला हा आडवा ‘र’ सांगायच्या दोन वाटा आहेत. साध्या ‘र’ला हलन्त देऊन मागे एक न दिसणारी जोडखूण टाकायची, किंवा नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त द्यायचा. भाचीने पहिली वाट बांधली होती, दुसरी राहून गेली होती. गिऱ्हाइकाचा कीबोर्ड नेमका दुसऱ्या वाटेने येत होता.

लहानपणी मीटर गेजच्या गाडीने आम्ही महू, पातालपाणी करत घाट उतरून खंडव्याला पोचायचो आणि तिथून मोठ्या गाडीत बसायचो. बुऱ्हाणपूर गेलं की आजी डबा उघडायची आणि म्हणायची, आता महाराष्ट्र आला.

रात्री अकराला मी झोपायला गेलो तेव्हा माडीवर दिवा होता. सकाळी फोन पाहिला. तिने रात्रीतच फाइल दुरुस्त करून आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना नवी प्रत फुकट पाठवली होती. मला एक चित्र आलं होतं. आजोबांच्या वळणातलं एकच नाव, आडवा ‘र’ ‘ह’च्या डाव्या अंगाला नीट बिलगलेला. खाली तिने लिहिलं होतं, “मामा, बुऱ्हाणपूर आलं.”