शर्यत रविवारी, मग खो-खो बंद?

दोस्तांनो, रविवारी ३ किलोमीटरची शर्यत आहे आणि संध्याकाळी गल्लीतली पोरं हाका मारताहेत, "चल की खो-खोला!" अशा वेळी घरातून हमखास आवाज येतो, "आता खेळबिळ बंद, नुसता पळण्याचा सराव कर." माझं मत विचाराल तर बंद कशाला?

बघा, खो-खोचा डाव काही मिनिटांचाच. सुटायचं, थबकायचं, हुलकावणी द्यायची, पुन्हा सुटायचं. लांब पळताना पाय एका लयीत पडतात, तिथे ही चपळाई शिकायला मिळत नाही. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. म्हणजे पळता पळता २८ अडथळे आणि पाण्यावरून ७ उड्या! नुसत्या दमावर हे कसं जमायचं?

पण वळताना घोटा मुरगळतो तोही खो-खोतच. म्हणून शर्यतीआधी दोन दिवस मैदानाला सुट्टी. गड्यांना मात्र आधीच सांगा, म्हणजे त्यांना नववा गडी शोधता येईल. (ऐन वेळी दांडी मारणाऱ्याला पुढच्या डावात कोण घेतं?) लांब पळालात त्या दिवशी सामनाही नको.

आणि आई-बाबा, पाय दुखतो म्हणाला तर "नाटकं करतोय" म्हणू नका, आधी पाय बघा.

रविवारी शर्यत झाली की सोमवारी नुसतं चालायचं. मंगळवारी काही दुखत नसेल तर बसा रांगेत, पाठीमागून 'खो' मिळाला की सुटा!