गुहेतला निळा सैतान

केलीव्हिलहून समुद्र तसा लांबच. तरी उन्हाळा लागला की गळ, चटई आणि पोह्यांचा डबा गाडीत टाकून आम्ही ला पेरूजला निघतो. तिथल्या बेअर आयलंडवरचा १८८०च्या दशकातला किल्ला आणि लाकडी पूल तुम्ही पाहिला असेलच. (हो, 'मिशन इम्पॉसिबल २' मधलाच!) पण त्या खडकांखाली, पाण्यातल्या कपारींत कोण राहतं, हे आम्हाला बरेच दिवस ठाऊक नव्हतं.

त्याचं नाव ईस्टर्न ब्लू डेव्हिल, शास्त्रीय नाव पॅराप्लेसिओप्स ब्लीकेरी. हातभर लांबीचा, जास्तीत जास्त ४० सेंटिमीटरचा. गडद निळं अंग, त्यावर पांढुरके पट्टे, चमकते निळे ठिपके आणि शेपटी पिवळीधमक. नाव सैतान, पण स्वभाव अगदी घरकोंबड्याचा. दिवसा गुहेत, रात्री भक्ष्याच्या शोधात. म्हणूनच वर्षानुवर्षं डायव्हिंग करणाऱ्यांनाही तो क्वचितच दिसतो. हा मासा फक्त ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे दक्षिण क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्समध्ये सापडतो. जगात इतरत्र कुठेही नाही. १८६१ मध्ये गुंटर यांनी त्याची नोंद केली आणि ब्लीकर या डच मत्स्यतज्ज्ञाचं नाव त्याला दिलं.

गुहा हेच त्याचं घर, आणि तीच त्याची पंचाईत. एका ठिकाणी टिकून राहणारा मासा भाल्याने मारायला सोपा, आणि इतका देखणा मासा काचेच्या टाकीत ठेवायचा मोह कोणालाही होईल. एका कपारीतला मासा गेला की ती कपार लगेच भरेलच असं नाही. न्यू साउथ वेल्समध्ये तो संरक्षित आहे. पकडणं, मारणं, जवळ बाळगणं, सगळंच बेकायदेशीर.

आता आपल्या मंडळींची अडचण अशी, की बांगडा, सुरमई, पापलेट आपण झोपेतही ओळखू, पण इथले मासे? मासेमारीचं लायसन्स काढलं म्हणजे गळाला लागेल ते घरी न्यायची मुभा मिळाली, असा समज आमचाही होता. तर निळा, ठिपकेदार, पिवळ्या शेपटीचा मासा लागलाच, तर ओल्या हाताने धरा, फोटोच्या नादी लागू नका आणि लगेच पाण्यात सोडा. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, तोंडाशी दोरी कापा.

पोह्यांचा डबा मात्र घेऊन जा. मासे मिळतीलच याची खात्री आम्ही देत नाही!