तंबोरा आणि ब्लॅक मेटल गिटार, दोघांचं जमतं कुठं आणि बिघडतं कुठं?

मार्केट यार्डात दुधी भोपळा घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तंबोऱ्याचा भोपळा याच जातीचा असतो, फक्त तो खायला नाही तर वाळवून पोकळ करायला पिकवतात. पंढरपूर भागातून तो मिरजेला जातो आणि तिथले कारागीर त्याचं वाद्य करतात. मार्केट यार्डाजवळच्या मुकुंदनगरात २०१८ साली 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' आला. तिथं प्रत्येक गायकाच्या मागं हाच तंबोरा वाजतो.

आता समजा, त्याच तंबोऱ्याशेजारी एक ब्लॅक मेटल बँड उभा केला तर?

ब्लॅक मेटल म्हणजे काय?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेमध्ये या संगीतानं आकार घेतला. किंचाळल्यासारखं गाणं, गिटारच्या एकाच तारेवर झरझर चालणारं पिक आणि मशिनगनसारखा धडधडणारा ड्रम, ज्याला 'ब्लास्ट बीट' म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा नुसता गोंगाट वाटतो.

मग तंबोऱ्याशी नातं कसलं?

तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, तिला हलका उतार असतो. तार तिला घासत थरथरते. तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यानं कारागीर आणि वादक 'जवारी' लावतात. त्यामुळं एक तार छेडली तरी तिच्यातून वरचे अनेक स्वर उमलतात.

गिटारचं डिस्टॉर्शन वेगळ्या वाटेनं तिथंच पोहोचतं. सिग्नल इतका वाढवतात की त्याची टोकं कापली जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. अशा गिटारवर सा-ग-प एकत्र वाजवलं की बऱ्याचदा गिचमिड होते. म्हणून मेटलवाले खूपदा फक्त सा आणि प धरतात, त्याला 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. आणि तंबोरा कसा लावतात? बहुतेक रागांसाठी प, सा, सा आणि खर्जातला सा!

मग बिघडतं कुठं?

तीन ठिकाणी.

पहिलं, रागात सा जागचा हलत नाही. मेटलमध्ये कॉर्ड बदलला की आधारस्वरच सरकतो आणि राग कोलमडतो.

दुसरं, गिटारचे पडदे ठोकलेले असतात. सतारीचे पडदे सरकवता येतात आणि तार ओढून मींड घेता येते. सतारीचा गंधार गिटारच्या गंधाराशी तंतोतंत जुळेलच असं नाही.

तिसरं, आवाज. सतारीचा विरत जाणारा नाजूक सूर डिस्टॉर्शन आणि झांजांखाली गाडला जातो.

यावर सोपा उपाय म्हणजे सतार फक्त सुरुवातीला ठेवायची आणि नंतर गिटार सोडायची. अवघड उपाय म्हणजे गिटार सतारीच्या सा वर उतरवून लावायची, कॉर्ड कमी बदलायचे आणि सतारीसाठी मिक्समध्ये जागा रिकामी ठेवायची.

कुणी करून पाहिलंय का?

मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन'नं. साहिल मखिजानं २००० मध्ये सुरू केलेला हा बँड ब्लॅक आणि डेथ मेटल मिसळतो. २०१७ चा त्यांचा 'दशावतार' अल्बम विष्णूच्या अवतारांवर आहे आणि त्यात भारतीय वाद्यांचे सूर आहेत. तिकडं झेक प्रजासत्ताकातल्या 'कल्ट ऑफ फायर'नं २०१३ मध्ये चक्क देवनागरी नावाचा अल्बम काढला, 'मृत्यु का तापसी अनुध्यान'. त्यातही सतार ऐकू येते.

यात पणाला काय लागलंय?

सतारीचा तयार नमुना आज लॅपटॉपवर मिळतो. सुरुवातीच्या वीस सेकंदांसाठी सतार हवी असेल, तर वादकाला कोण बोलावणार? मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्यानं नावाला संरक्षण मिळतं. वाद्य हातात घेऊन वाजवणाऱ्याला काम मात्र गाणं रचणाऱ्यांनीच द्यावं लागतं.

त्यामुळं पुढच्या वेळी असं फ्यूजन रीलवर दिसलं, तर शेअर करण्याआधी एक प्रयोग करा. मनातल्या मनात त्यातली सतार काढून टाका. गाणं होतं तसंच राहिलं, तर ती नुसती तोंडी लावायला होती. गाणं लंगडं पडलं, तर वादकाचं नाव शोधा आणि शेअर करताना तेही लिहा.