हेलिकॉप्टरमध्ये जागा कोणाला?

परदेशात वाढणाऱ्या मुलांना सोबत घेऊन कोणता चित्रपट पाहावा, हा प्रश्न आपल्या घराघरांत वारंवार पडतो. मारामारी नको, अंधश्रद्धा नको, देवदेवतांचे चमत्कार नकोत. पण नुसता उपदेशही नको, नाहीतर मुले दहाव्या मिनिटाला उठून जातात. योकोहामात राहणाऱ्या आम्हा कुटुंबांना या प्रश्नाचे एक चांगले उत्तर गवसले आहे. ‘मारी तो कोइनु नो मोनोगातारी’, म्हणजे ‘मारी आणि तिच्या पिल्लांची कथा’, हा इनोमाता र्‍युइची यांनी दिग्दर्शित केलेला जपानी चित्रपट. तो डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झाला. संगीत जो हिसाइशी यांचे आहे. जपानी कुटुंबे तो डोळे पुसत पाहतात. आम्हीही पाहिला, आणि पाहून झाल्यावर बराच वेळ बोलत राहिलो. त्या बोलण्यातून हा लेख उभा राहिला.

कथेला खऱ्या घटनेचा आधार आहे. २३ ऑक्टोबर २००४ रोजी संध्याकाळी ५ वाजून ५६ मिनिटांनी निइगाता प्रांताच्या चुएत्सु भागात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात ६८ माणसे दगावली. डोंगरातले यामाकोशी हे गाव पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, रंगीत निशिकिगोई मासे आणि बैलांच्या झुंजी यांसाठी प्रसिद्ध. दरडी कोसळून त्याचे सगळे रस्ते तुटले. दोन हजारांहून अधिक लोकवस्तीचे ते अख्खे गाव हेलिकॉप्टरने खाली नागाओका शहरात हलवावे लागले. त्याच दिवशी सकाळी त्या गावातल्या मारी नावाच्या कुत्रीने तीन पिल्लांना जन्म दिला होता. घरातले आजोबा पडलेल्या सामानाखाली अडकले, तेव्हा मारी पिल्लांना सुरक्षित जागी ठेवून त्यांच्यापाशी गेली. आजोबा वाचले, हेलिकॉप्टर आले, पण कुत्र्यांना त्यात जागा नव्हती. घरात असेल नसेल ते खाणे मारीपुढे ठेवून कुटुंबाला निघावे लागले. सुमारे दोन आठवड्यांनी माणसे परतली, तेव्हा मारी हाडाला कातडे चिकटल्यासारखी झाली होती, आणि पिल्ले मात्र गुटगुटीत होती. ही हकिकत आधी चित्रपुस्तक म्हणून आली, मग चित्रपट झाला.

चित्रपटाने या घटनेच्या मध्यभागी दोन मुले ठेवली आहेत. आई गमावलेली धाकटी आया आणि तिचा भाऊ र्‍योता. आयाला सोडून दिलेले एक पिल्लू सापडते, तीच मारी. भूकंपात आया आणि आजोबा घराखाली दबतात. मारी बचाव पथकाच्या जवानाला तेथवर घेऊन येते. मग हेलिकॉप्टर उडते आणि खाली मारी धावत राहते. हे दृश्य पाहताना घरातली मोठी माणसेही गप्प होतात. पुढचा अर्धा चित्रपट एकाच प्रश्नावर चालतो: ज्याने आपल्याला वाचवले, त्याला मागे ठेवून आपण सुखाने राहू शकतो का? मुले या प्रश्नाचे उत्तर आपल्या पायांनी देतात. ती मोठ्यांना न सांगता बंदी असलेल्या गावाकडे चालू लागतात.

निष्ठा कोणी कोणाशी राखायची?

जपानमध्ये कुत्र्याच्या निष्ठेची कथा म्हटली की सर्वांना आठवतो हाचिको. योकोहामाहून तोयोको मार्गाची गाडी थेट शिबुयाला जाते, आणि शिबुया स्थानकाबाहेर हाचीचा पुतळा आहे. तोक्यो इम्पिरियल विद्यापीठातील प्राध्यापक उएनो हिदेसाबुरो मे १९२५ मध्ये वारले. त्यानंतर मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत हाची त्या स्थानकावर येत राहिला. १९३४ मध्ये पुतळा उभारला, तेव्हा हाची स्वतः हजर होता. १९८७ चा ‘हाचिको मोनोगातारी’ हा चित्रपटही खूप गाजला.

पण हाचीच्या कथेचे पुढे काय झाले, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. १९३० च्या दशकात ती शाळेच्या नीतिपाठाच्या पुस्तकात गेली, आणि तिला शीर्षक मिळाले ‘उपकार विसरू नका’ या अर्थाचे. एका मुक्या प्राण्याचे प्रेम राज्यकर्त्यांना आज्ञाधारकपणा शिकवण्यासाठी सोयीचे वाटले. पुढे महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्याच निष्ठावंत कुत्र्याचा पुतळा धातूसाठी वितळवला गेला. आज दिसतो तो १९४८ मध्ये पुन्हा उभारलेला.

निष्ठेचे गुणगान ऐकताना आपले कान टवकारलेले असतात, त्याला कारण आहे. आपल्या पूर्वजांना शतकानुशतके निष्ठाच शिकवली गेली. गावाची राखण करा, सांगावे पोहोचवा, मेलेली गुरे ओढा, आणि बदल्यात मिळेल ते शिळेपाके उपकार मानून घ्या. ज्याला बदल्यात हक्क मिळत नाही, त्याच्याकडून मागितलेली निष्ठा ही गुलामीच असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. ते भाषण आपण नेत्यांच्या संदर्भात वाचतो. पण त्याचा गाभा असा आहे की, खालच्याने वरच्यापुढे वाकणे हा सद्गुण म्हणून शिकवला गेला, की समाज आतून पोखरला जातो.

‘मारी’ हा चित्रपट आम्हाला आवडला तो याचसाठी. त्यात निष्ठेची दिशा उलटी आहे. मारी कोणा धन्याची वाट पाहत बसत नाही. ती आपली पिल्ले जगवते. निष्ठा सिद्ध करायची असते ती माणसांना. ज्याच्या हाती हेलिकॉप्टर आहे, त्याने जमिनीवर उरलेल्यांशी काय नाते राखले, हे चित्रपट विचारतो.

मागे कोणाला ठेवले जाते?

आमच्या मुलांनी चित्रपट संपताच विचारले, “एवढ्या मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये चार कुत्र्यांना जागा नव्हती?” बचाव पथकाची अडचण खरी होती. आधी माणसे, हा नियम योग्यच होता. पण नियमाच्या पलीकडेही एक गोष्ट दिसते. पुढच्या दिवसांत यामाकोशीचे झुंजीचे बैल आणि मौल्यवान मासेही हेलिकॉप्टरने खाली आणले गेले. त्यावर गावाची उपजीविका होती, म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु संकटात वाचवण्याची एक उतरंड तयार होते आणि ती बहुधा मोलावर ठरते, हे मुलांना यातून सहज समजावता येते.

ही उतरंड माणसांतही असते. यामाकोशीच्या भूकंपानंतर दोनच महिन्यांनी, २६ डिसेंबर २००४ रोजी, हिंदी महासागरात त्सुनामी आली. तमिळनाडूच्या नागपट्टिनम किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदत छावण्यांत वेगळे ठेवल्याच्या आणि पाण्याच्या टाक्यांपासून दूर लोटल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या. लाटेने जात पाहिली नव्हती, मदतीने पाहिली.

आणि प्राण्यांचा विषय निघाला की आपल्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. चवदार तळ्यावर गुरेढोरे, कुत्रीमांजरी पाणी पिऊ शकत होती. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र ओंजळभर पाण्याची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले. आपल्या मुलांना कुत्र्यावर प्रेम करायला शिकवताना हा इतिहास लपवण्याचे कारण नाही. कुत्रा तळ्यावर येत होता हा त्याचा दोष नव्हता. माणसाला हाकलणारा माणूस दोषी होता.

स्मशानातील कुत्र्याची बाजू

जातकसंग्रहातील बाविसावी कथा, कुक्कुर जातक, या संदर्भात मुलांना जरूर सांगावी. वाराणसीच्या राजाच्या रथाचा चामडी साज रात्री पावसात भिजला आणि राजवाड्यातल्या पाळीव कुत्र्यांनी तो खाल्ला. नोकरांनी सांगितले की बाहेरची कुत्री गटारातून आत आली असावीत. राजाने दिसेल तो कुत्रा मारण्याचा हुकूम दिला. वाड्यातल्या कुत्र्यांना मात्र वगळले. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या, म्हणजे कथेतील बोधिसत्त्व, सरळ दरबारात गेला. त्याने राजाला विचारले की, सर्व कुत्री दोषी असतील तर तुझी कुत्री का वगळलीस? मग त्याने ताक आणि दर्भ मागवून वाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावले. त्यांनी चामड्याचे तुकडे ओकले. राजाने हुकूम मागे घेतला आणि सर्व प्राण्यांना अभय दिले.

पूर्वजन्माची चौकट आपण बाजूला ठेवू. उरते ती न्यायाची कथा. वस्तीबाहेर स्मशानात राहणाऱ्यांवर आळ येतो, वाड्यातले सुटतात. आणि सुटका दयेची भीक मागून होत नाही, पुराव्याने होते. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहेच. तिच्यासोबत समतेच्या प्रतिज्ञाही आहेत, हे ही कथा आठवून देते.

योकोहामाचे पाणी

आपण ज्या शहरात राहतो, त्याने ही परीक्षा दिलेली आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात योकोहामा जवळजवळ नष्ट झाले. पाठोपाठ अफवा उठली की कोरियन लोकांनी विहिरींत विष कालवले आहे. तोक्यो आणि योकोहामा परिसरात टोळ्यांनी कोरियन आणि चिनी लोकांची हत्या केली. आज योकोहामाचा भाग असलेल्या त्सुरुमी येथे मात्र पोलीस प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे तीनशे कोरियन लोकांना ठाण्यात आसरा दिला. जमावाने विषारी म्हणून पुढे केलेले पाणी त्यांनी सर्वांसमोर पिऊन दाखवले, असे सांगितले जाते. त्यांच्या स्मृतीचा दगड त्सुरुमीच्या तोझेन्-जी या बुद्धविहारात आहे. कुक्कुर जातकातील ताक आणि ओकावांच्या हातातले पाणी, दोन्हींचे काम एकच: आळ खोटा ठरवणे.

त्याच भूकंपात योकोहामातील भारतीय व्यापारीही उद्ध्वस्त झाले. काहींचे प्राण गेले. योकोहामाच्या नागरिकांनी त्यांना मदत केली. त्या उपकाराची आठवण म्हणून भारतीयांनी १९३९ मध्ये शहराला एक भेट दिली. भूकंपाच्या ढिगाऱ्यावर भराव घालून तयार झालेल्या यामाशिता उद्यानात ती आजही उभी आहे: घुमटाखालचे पिण्याच्या पाण्याचे ठिकाण, ‘इंदो सुइतो’. चवदार तळ्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९३७ मध्ये. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी इथे भारतीयांनी सर्वांसाठी पाणी बांधले, ज्याच्यापाशी कोणी कोणाची जात विचारली नाही. मुलांना घेऊन समुद्रकिनारी फिरायला जाल, तेव्हा त्या घुमटाखाली दोन मिनिटे थांबा आणि महाडची गोष्ट तिथे सांगा.

आज काय करता येईल?

मारीसारख्या घटना लोकांच्या मनात राहिल्या, आणि २०११ च्या भूकंपात फुकुशिमा परिसरात असंख्य प्राणी मागे राहिले. त्यानंतर २०१३ मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शिका काढली. संकटात पाळीव प्राण्याला सोबत घेऊनच घर सोडावे, याला इथे ‘दोको हिनान्’ म्हणतात. याचा अर्थ आश्रयस्थानात प्राणी आपल्याच अंथरुणाशेजारी राहील असा नाही. बहुधा त्याची जागा वेगळी असते. पिंजरा, काही दिवसांचे खाणे, लसीकरणाची नोंद यांची तयारी आपणच ठेवायची असते.

योकोहामात आपत्तीच्या वेळी परिसरातील शाळा आश्रयस्थान होतात. आपल्या परिसराची शाळा कोणती, हे आपल्या घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, ठाऊक असले पाहिजे. शेजाऱ्यांच्या सरावाला आपण जात नसू, तर यंदा जाऊ या. कुत्रा पाळत नसलो तरी जाऊ या. संकटाच्या रात्री अफवा पसरते ती अनोळखी चेहऱ्यांविषयी. ज्याच्यासोबत आपण सरावात बादली उचलली, त्याच्याविषयी सहसा पसरत नाही.

यामाकोशीच्या लोकांनीही हेच दाखवले. त्यांना तात्पुरती घरे देताना वाड्यावस्त्यांचे शेजार एकत्र ठेवले गेले, आणि ‘यामाकोशीला परत जाऊ या’ हे त्यांचे ब्रीद झाले. २००७ च्या अखेरीस तात्पुरत्या घरांतला मुक्काम संपला, त्याच सुमारास चित्रपटगृहांत मारीची कथा सुरू झाली.

हा चित्रपट मुलांसोबत पाहा. रडू आले तर येऊ द्या. करुणा आधी डोळ्यांतूनच येते. पण अश्रू पुसून झाले की मुलांना एक प्रश्न विचारा: उद्या आपल्या हाती हेलिकॉप्टर आले, तर आपण आधी कोणाकडे जाऊ, आणि मागे राहिलेल्यांसाठी परत येऊ का? त्या प्रश्नावर त्या संध्याकाळी जे बोलणे होईल, ते आपल्या मुलांवरचा धम्मसंस्कारच असेल.

जय भीम!